शिदोरी घरची, रतीब दरबारचा

(कामथडी, ता. भोर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



कामथडीच्या पश्चिमेला राजगड आणि तोरणा, वायव्येला सिंहगड, पूर्वेला पुरंदर आणि दक्षिणेला भोरच्या अंगाला रोहिडा. स्वराज्याचा पहिला संसार ज्या गडांच्या सावलीत मांडला गेला, त्यांच्या बरोबर मध्ये हे गाव वसले आहे. हिरडस मावळचे बांदल, रोहिडखोऱ्यातील कारीचे जेधे, गुंजण मावळचे शिळीमकर ही घराणी याच खोऱ्यांतील. या मातीतून निघालेल्या माणसांच्या लढायांविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. परंतु लढाईला निघण्यापूर्वी त्या माणसाने काय बांधून घेतले, वाटेत काय खाल्ले, कशावर निजला, घोड्याला काय घातले आणि या सगळ्याला तो कोणत्या नावाने हाक मारीत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सैन्य पोटावर चालते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. सैन्याची भाषाही बरीचशी पोटावरच चालते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. शिधा, शिदोरी, रसद, रतीब, चंदी, वैरण, तोबरा, पखाल, खोगीर, राहुटी, छावणी हे शब्द आज मराठी घरात कुठे ना कुठे वावरतात. कोणी त्यांचा उगम शोधू लागला, तर त्याच्या हाती केवळ कोशातील नोंदी लागत नाहीत. एका समाजाने काय स्वतः निर्माण केले, काय परक्याकडून घेतले, काय जाणीवपूर्वक टाकले आणि कोठे त्याची शिस्त ढळली, याचा लेखाजोखाच त्याच्या हाती लागतो.

शाकारलेल्या छपराचा शब्द

आरंभ ‘छावणी’ या शब्दापासून करू. आज छावणी म्हटले की लष्कराचा मोठा तळ, परेडचे मैदान, पहारे असे चित्र उभे राहते. शब्दाचे मूळ मात्र अगदी साध्या कृतीत आहे. ‘छावणे’ म्हणजे आच्छादणे, छप्पर घालणे. संस्कृत ‘छद्’ धातूचेच हे कूळ. छत, छत्र, छप्पर आणि छावणी ही एकाच घरातील भावंडे. पावसाळ्यात जिथे छप्पर शाकारून राहायचे, ती छावणी.

हा अर्थ केवळ तर्काचा नाही, त्याला व्यवहाराचा आधार आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. तिच्यात शिवछत्रपतींच्या लष्कराचे वर्षाचे वेळापत्रक दिले आहे. पावसाळ्याचे दिवस आले की लष्कराने स्वदेशी परतावे. तेथे माणसांसाठी आणि घोड्यांसाठी दाणा, रतीब, औषधे यांची तयारी असावी, घरे गवताने शाकारून ठेवलेली असावीत. आणि दसरा होताच लष्कराने छावणीतून कूच करावे. म्हणजे सैनिक भिजत येण्यापूर्वी त्याचे छप्पर शाकारलेले असणे ही राज्याची जबाबदारी मानली गेली होती. ‘छावणी’ या शब्दाच्या पोटात ती जबाबदारी आजही आहे. आपण सोने लुटून सीमोल्लंघन साजरे करतो, तेव्हा त्यामागे चार महिने शाकारलेल्या छपराखाली सांभाळलेले घोडे आणि राखून ठेवलेला दाणाही असतो, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

रतीब, रसद आणि मुदपाकखाना

सभासदाच्या नोंदीतील ‘रतीब’ हा शब्द आता पाहू. पुण्या-मुंबईच्या घरांत रतीब म्हणजे दुधाचा. हा शब्द मूळ अरबी ‘रातिब’. नेमून दिलेला नित्याचा वाटा, हा त्याचा अर्थ. हत्ती, घोडे, नोकर-चाकर यांना रोज ठरावीक मापाने मिळणारे खाणे म्हणजे रतीब. घोड्यांच्या पागेतून निघालेला हा शब्द गवळ्याच्या किटलीपर्यंत आला आणि आता तो लष्करी आहे याची कोणाला आठवणही नाही.

इंग्रजी ‘रेशन’ हा शब्द लॅटिनमधील हिशेब, गणना या अर्थाच्या शब्दातून आला. रतीब आणि रेशन यांत ध्वनीचे थोडे साम्य आहे, पण नाते काहीही नाही. एक अरबी, दुसरा लॅटिन. अर्थाच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात. हजारो तोंडे एकत्र आली की अन्नाचा प्रश्न हा स्वयंपाकाचा राहत नाही, तो मोजमापाचा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांतून धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले, तेव्हा रेशन हा लष्करी शब्द नागरी जीवनात शिरला. शासकीय मराठीने त्याला ‘शिधा’ हा जुना शब्द दिला आणि शिधापत्रिका तयार झाली. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ वाटला, तेव्हा तोच शब्द पुन्हा घरोघरी बोलला गेला. गडावरील शिबंदीला मिळणारा शिधा आणि शिधापत्रिकेवरील शिधा, शब्द तोच.

‘रसद’ ही फारसीतून आली. पोहोचणे या अर्थाच्या क्रियापदाशी तिचे नाते आहे. कोठारात पडून असलेले धान्य म्हणजे रसद नव्हे. जे सैन्यापर्यंत पोहोचते, तीच रसद. आपणही रसद ‘भरली’ असे क्वचितच म्हणतो. रसद पोहोचते किंवा तुटते. ‘अंबारखाना’ म्हणजे धान्याचे मोठे कोठार. ‘अंबार’ हा फारसी शब्द साठा, रास या अर्थाचा. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातील तीन कोठ्यांची नावे मात्र गंगा, यमुना आणि सरस्वती. बाहेरचे नाव दरबारी, आतली नावे घरची. ‘मुदपाकखाना’ हा तर अधिक गमतीचा. राजवाड्यातील स्वयंपाकघराचा हा शब्द अरबी ‘मत्बख’ म्हणजे स्वयंपाकाची जागा यावरून आला. मराठी जिभेने तो घोळवला आणि त्यात नकळत ‘पाक’ हा संस्कृत शब्द बसवून टाकला.

आता दुसरी बाजू पाहावी. शिदोरी, भाकरी, पीठ, दाणा, वैरण, घोंगडी, कांबळे, पखाल हे शब्द दरबारातून आलेले नाहीत. कांबळे म्हणजे संस्कृत ‘कंबल’. बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहणारी कातड्याची पखाल ही ‘पयस्’ म्हणजे पाणी आणि ‘खल्ल’ म्हणजे कातडे यांपासून झाली, असे कोशकार सांगतात. म्हणजे एक रेघ स्पष्ट दिसते. माणसाने घरून जे बांधून आणले, त्याची नावे घरची. आणि राज्याने जे मोजून दिले, लिहून घेतले, त्याची नावे दरबाराची. शिदोरी घरची, रतीब दरबारचा. तीनशे वर्षांच्या परकीय सत्तेने मराठी माणसाची चूल बदलली नाही. त्याची वही बदलली.

वस्तू नाव घेऊन येते

शस्त्रास्त्रांच्या बाबतीत आणखी एक नियम दिसतो. वस्तू जिकडून येते, तिकडचे नाव ती बरोबर आणते. तलवार, ढाल, भाला, बाण हे शब्द येथलेच. कारण ती हत्यारे येथे पूर्वापार होती. तोफ मात्र तुर्की ‘तोप’वरून आली, बंदूक अरबी-फारसी वाटेने आली, काडतूस पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आले. कोकणकिनाऱ्यावर आणि गोव्यात पोर्तुगीज होते, याची साक्ष काडतूस हा एकटा शब्दही देऊ शकतो.

‘दारू’ हा शब्द तर मुद्दाम थांबून पाहावा असा आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. तोच शब्द मद्याला लागला आणि तोफेत भरण्याच्या चूर्णालाही लागला. चिनी भाषेतही या चूर्णाचे नाव ‘अग्नीचे औषध’ अशाच अर्थाचे आहे. ज्या वैद्यकीच्या आणि किमयेच्या प्रयोगांतून हे चूर्ण निघाले, त्यांची खूण नावात अशी राहून गेली.

घोडदळाची परिभाषा बहुतांशी फारसी. जीन, लगाम, रिकीब, तोबरा, पागा हे सारे तिकडून आलेले. ‘शिलेदार’ म्हणजे ‘सिलाह’ अर्थात शस्त्रे बाळगणारा. तो स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई. ‘बारगीर’ म्हणजे मुळात ओझे वाहणारे जनावर. ज्याला सरकारातून घोडा मिळे त्या स्वाराला हे नाव मिळाले. घोड्याचे नाव स्वारावर बसले. पुढे इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानी घोडदळात शिलेदारी पद्धत ठेवली आणि तिला ‘सिलेदार’ याच नावाने ओळखले. पहिल्या महायुद्धानंतरच ती मोडीत निघाली. कवायतीचे मूळ अरबी ‘कवाइद’ म्हणजे नियम. ‘कायदा’ या शब्दाचेच ते अनेकवचन. पलटण हा बटालियन या युरोपीय शब्दाचा देशी अवतार. कायदा न्यायालयात गेला, कवायत मैदानावर राहिली. पण दोघांच्या मुळाशी शिस्तच आहे.

घोडा मात्र येथला होता. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. कामथडीच्या नावातही ती आहेच. भीमेच्या काठचे ते भीमथडी, आणि तेथील काटक तट्टू ते भीमथडी तट्टू. खोगीर आणि लगाम यांची नावे फारसी असली, तरी ती ज्याच्या पाठीवर आणि तोंडात होती, त्याचे नाव नदीकाठाचे होते. अलीकडेच भीमथडी या अश्वजातीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट आहे.

राजाने करवून घेतलेला कोश

ही सारी उसनवारी शिवछत्रपतींच्या लक्षात आली नव्हती असे नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविला. राज्यकारभारात रुळलेल्या सुमारे १,३८० फारसी-अरबी आणि अन्य शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांत राजवर्ग आणि लेखनवर्ग आहेत, तसेच शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग आणि दुर्गवर्गही आहेत; उपभोगाच्या वस्तूंसाठी भोग्यवर्ग आणि व्यापारी मालासाठी पण्यवर्ग आहे. सिंहासनापासून शस्त्रागारापर्यंत आणि गडाच्या तटापासून बाजारापर्यंत साऱ्या वस्तूंना स्वतःच्या भाषेत नाव असावे, ही दृष्टी त्यामागे होती. अज्ञांच्या उपहासाची पर्वा कोशकाराने केली नाही. उंटाला केळ्याची गोडी काय कळणार, अशा आशयाने त्याने कोशाच्या अखेरीस टीकाकारांची बोळवण केली आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर प्रधानांची नावेही पालटली. पेशवा हे पद मुख्य प्रधान झाले, मुजुमदार अमात्य झाला, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती आणि सुरनीस सचिव झाला. या शेवटच्या नावाशी भोरचे नाते निकटचे आहे. शंकराजी नारायणांच्या घराण्याकडे सचिवपद आले आणि भोर संस्थानाचे अधिपती पंतसचिव म्हणूनच ओळखले गेले. १९४८ साली संस्थान विलीन झाले; शब्द मात्र विलीन झाला नाही. आज मंत्रालयातील प्रत्येक विभागाला सचिव आहे. रायगडावर ठरलेले एक पदनाम साडेतीनशे वर्षांनंतर लोकशाही राज्याच्या कारभारात वापरले जाते, यापरते यश कोणत्या कोशाला हवे?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तीन कालखंडांतील पत्रे घेऊन त्यांतील शब्द मोजले होते. १६२८ च्या लेखनात मराठी शब्दांचे प्रमाण सुमारे १४ टक्के, १६७७ मध्ये सुमारे ६२ टक्के आणि १७२८ मध्ये सुमारे ९३ टक्के, असे त्यांना आढळले. मोजकी पत्रे म्हणजे संपूर्ण भाषा नव्हे, हे मान्य केले तरी प्रवाहाची दिशा त्यांतून स्पष्ट होते.

तथापि सत्य सांगायचे तर ते पूर्ण सांगावे. पदनामे बदलली, तोफ, बंदूक, दारू, लगाम, खोगीर बदलले नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचे, म्हणजे कोशानंतर चाळीस वर्षांचे. गडावर दारूखाना वस्तीजवळ नसावा, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन दारू, बाण, होके बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे, असे बारकावे त्यात आहेत. तेथे शब्द ‘दारूखाना’ आणि ‘हवालदार’ हेच आहेत. याचे कारण उघड आहे. पद राजाच्या आज्ञेने मिळते, म्हणून त्याचे नावही आज्ञेने बदलते. तोफेची नळी साफ करणारा गोलंदाज आणि घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधणारा मोतद्दार कोश वाचत नाही; तो शेजाऱ्याकडून ऐकलेला शब्द बोलतो. ज्या वस्तूचा कारखाना आणि शिक्षण आपल्या हाती असते, तिचेच नाव आपल्या हाती राहते. कोशाने पहिले पाऊल टाकले होते. पुढची पावले विद्येची आणि उद्योगाची होती.

पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली, तेव्हा राज्यव्यवहारकोशाचीच परंपरा पुन्हा पुढे आली. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा हे शब्द आज कोणालाही नवे वाटत नाहीत. फारसीचे प्राध्यापक असलेले माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. परक्या शब्दाचे मूळ ज्याला नेमके ठाऊक आहे, तोच तो शब्द कोठे ठेवावा आणि कोठे टाळावा हे सांगू शकतो, असा या दोन कामांचा अर्थ आहे.

शब्दांनी ठेवलेली नोंद

शब्द विजयाची नोंद ठेवतात, तशी ऱ्हासाचीही ठेवतात. ‘खोगीर’ म्हणजे घोड्याचा घाम टिपणारी, पाठीवरची गादी. ती फुगलेली दिसावी म्हणून आत चिंध्या, गवत, काहीही कोंबत, ती खोगीरभरती. संख्या दिसावी म्हणून फौजेत भरलेली निरुपयोगी माणसे, हा त्याचा पुढचा अर्थ. ‘बुणगे’ म्हणजे लष्कराचे सामानसुमान आणि ते वाहणारी माणसे. ‘बाजारबुणगे’ म्हणजे फौजेमागे चालणारा बाजार. हे दोन्ही शब्द आज तिरस्काराने उच्चारले जातात. तिरस्कार त्या गरीब माणसांच्या वाट्याला यावा, हे खरे तर अन्यायाचे आहे. दोष त्यांना बरोबर घेणाऱ्यांचा होता. शिवछत्रपतींच्या लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नसाव्यात असा दंडक होता, असे सभासद सांगतो. पानिपतावर निघालेल्या फौजेबरोबर न लढणाऱ्यांचा आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव होता. डिसेंबर १७६० मध्ये रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, वाटा बंद झाल्या, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी माणसे आणि उपाशी घोडे रणात उतरले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. ‘रसद’ या शब्दातील ‘पोहोचणे’ तेवढे नाहीसे झाले होते.

याच रणात इब्राहिमखान गारदी अखेरपर्यंत निष्ठेने लढला. ‘गारदी’ हा शब्द पहारा या अर्थाच्या ‘गार्ड’ या युरोपीय शब्दावरून आला, असे मानले जाते. पुढे १७७३ मध्ये नारायणरावाच्या खुनाने तोच शब्द काळवंडला. शब्दाला स्वतःचे पुण्य किंवा पाप नसते. तो धारण करणारे त्याला ते देतात.

सर्वांत बोचणारी नोंद आपल्या भाषेत नाही, बंगालीत आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. तेथे ‘बारगीर’ शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि मुलांना निजवण्याच्या गाण्यात भीतीचा शब्द म्हणून तो आजही जिवंत आहे. स्वराज्याचा स्वार कोणाच्या तरी अंगाईत भय म्हणून शिरावा, हे अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पण ते झाकूनही ठेवू नये; कारण ते का घडले याचे उत्तर शिवछत्रपतींनी सत्तर वर्षे आधीच लिहून ठेवले होते.

मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा विषय शिधा आणि वैरण हाच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे उधळले, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपासाने मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असे झाले तर लोक गाव सोडून जातील, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. इतकेच नव्हे, तर रात्री दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत इशारा त्यात आहे. रतीब हिशेबाने दिला तर रयतेची शिदोरी रयतेच्या घरी राहते. हिशेब सुटला की शिलेदाराचा लुटारू होतो. मराठी लष्करी परंपरेचे सार या एका पत्रात आहे. बंगालमध्ये गेलेल्यांच्या हाती हे पत्र नव्हते, असेच म्हणावे लागते.

साहेबाच्या पायाची पट्टी

या देवघेवीत आपण केवळ घेणारेच होतो, असे समजण्याचे कारण नाही. १८०३ साली आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला आणि २३ सप्टेंबरला असईचे रण त्याने जिंकले. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच चर्चा बैलांची आणि ‘ब्रिंजारीं’ची, म्हणजे बंजाऱ्यांची आहे. बंजारा शब्दाचे नाते ‘वाणिज्या’शी आणि लमाण शब्दाचे ‘लवणा’शी सांगतात, मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून वाहणारा हा समाज शतकानुशतके साऱ्या फौजांचा पुरवठादार होता. येथील माणसे, येथील बैल आणि येथील धान्य परक्याच्या हिशेबात शिस्तीने बसले, आणि आपल्या हिशेबातून निसटले. पराभवाची कारणे शोधताना तोफांच्या बरोबरीने याकडेही पाहिले पाहिजे.

पुढे त्याच इंग्रजी फौजेने येथील शब्द उचलले. १८४० च्या दशकात सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचा गणवेश घेतला. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून ‘खाकी’ जगभर गेली. पायाला गुंडाळायची ‘पट्टी’ इंग्रजीत ‘पटी’ झाली. चहा आणि कालवण शिजवायची ‘देगची’ ही ‘डिक्सी’ झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत बसलेला इंग्रज सैनिक खाकी कपडे घालून, पायाला पट्टी गुंडाळून, डिक्सीतला चहा पीत होता. या तिन्ही शब्दांचा प्रवास हिंदुस्थानातून झाला होता, हे त्याच्या गावीही नव्हते.

आजच्या भारतीय सेनेतही हा सारा वारसा एकत्र नांदतो. हवालदार आणि सुभेदार अरबी-फारसी मुळाचे, नायक संस्कृत, पलटण युरोपीय. जवानांचा भटारखाना म्हणजे ‘लंगर’, पाठीवरची पिशवी म्हणजे ‘पिट्ठू’, पाठीवर बसते म्हणून. तिच्यात शकरपारेही असतात. ‘शकर’ म्हणजे साखर आणि ‘पारा’ म्हणजे तुकडा. महाराष्ट्राच्या दिवाळीत हाच पदार्थ शंकरपाळे म्हणून ताटात येतो. जिभेने साखरेचा शंकर केला, आणि शंकराने तक्रार केली नाही.

खोट्या व्युत्पत्तीचा मोह

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. शंकरपाळ्यात शंकर आणि मुदपाकात पाक दिसतो, म्हणून ते शब्द संस्कृत ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. स्वाभिमान हा मोठा गुण आहे. पण त्याला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू लागत नाही. ज्या राजाने कोश करविला, त्याने परके शब्द आपलेच आहेत असा दावा केला नाही. ते परके आहेत हे स्पष्ट ओळखले, त्यांची यादी केली आणि पर्याय दिले. रोगाचे निदान प्रामाणिक असेल तरच औषध लागू पडते. अभ्यासमंडळातून किंवा शाळेच्या वर्गातून शब्दांविषयी बोलताना हा दंडक पाळला, तर ऐकणाऱ्याचा विश्वास टिकतो.

कोठार आणि कोश

शेवटी प्रश्न उरतो तो असा की, या शब्दांचा आज उपयोग काय? १९६२ च्या हिवाळ्यात ईशान्य सीमेवर आपल्या अनेक जवानांकडे बर्फात टिकणारे कपडे आणि बूट नव्हते. सामानाच्या याद्यांत नावे होती. वस्तू पोहोचल्या नव्हत्या. शब्द होता, रसद नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, म्हैसूर येथे संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली होती. उंच पहाडात टिकणारे, चटकन गरम होणारे, आपल्या जवानाच्या जिभेला ओळखीचे अन्न तिने पुढील दशकांत तयार केले. पाकिटात बंद केलेली भाजी आणि पुलाव ही आजची शिदोरी. ज्या वस्तूचे शास्त्र आपल्या हाती आले, तिचे नावही आपले ठेवता येते, याचा हा धडा आहे.

भोर तालुक्यात आणि शेजारच्या, पूर्वी वेल्हे म्हटल्या जाणाऱ्या राजगड तालुक्यात, घोंगडी, इरले, पखाल, कणगी, बळद हे शब्द आणि त्या वस्तू पाहिलेली माणसे अजून आहेत. आजी-आजोबांकडून हे शब्द, त्या वस्तूचा उपयोग आणि घडण यांसह, मुलांनी वहीत उतरवून घ्यावेत. एका गावाने शंभर शब्द जरी जमवले, तरी ते कोणत्याही स्मारकापेक्षा कमी मोलाचे ठरणार नाहीत. राज्यव्यवहारकोशासाठी राजाची आज्ञा लागली; गावाच्या कोशासाठी एक वही आणि विचारण्याची इच्छा पुरेशी आहे.

आणि वही भरताना चिपळूणच्या पत्राची आठवण ठेवावी. शिवछत्रपतींनी राज्यासाठी कोशही करविला आणि घोड्याच्या पुढ्यातील गवताच्या काडीचाही हिशेब मागितला. भाषेचा अभिमान आणि कोठाराची चोख व्यवस्था या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. सणावारी लागणारे शब्द आणि अडीअडचणीला लागणारे दाणे, दोन्ही वेळेआधी साठवावे लागतात, कोरडे राखावे लागतात आणि मोजून वापरावे लागतात. असा साठा जिथे आहे, तिथेच दसऱ्याला कूच करता येते.